नुसता सेन्सर!

प्राधिकरणातल्या दर तिसऱ्या सोसायटीत असे एक मामा सापडतात. चौकात पावती फाडणारे मामा वेगळे. हे 'कंपनी'तून रिटायर झालेले. 1998 साली आलेली इंडिका पिंपरीत बनली, तेव्हा हे लाइनवर होते. त्यामुळे कुणाच्याही गाडीत काही लुकलुकलं, की पहिली हाक मामांना. मामा काचेतून डोकावतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि निकाल देतात, "काही नाही रे, नुसता सेन्सर आहे."

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा? सेन्सर. एकदा स्कॅनर लावल्यावर खरोखरच ऑक्सिजन सेन्सर गेलेला निघाला, आणि तेच सगळ्यांना महागात पडलं. घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह उमटलं, तेव्हाही सेन्सर. मोशीजवळ भाचा पंक्चर चाकाचे नट सोडवत होता आणि मामा टॉर्च धरून म्हणत होते, "योगायोग!"

मग लागला अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा लाल दिवा. मामांनी डिपस्टिक पुसून दाखवली : ऑइल काठोकाठ. मेकॅनिक म्हणाला, "हा दिवा ऑइल किती आहे ते नाही सांगत. प्रेशर पडलं, ते सांगतो. तशीच चालवली तर काही मिनिटांत इंजिन जाम."

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आणि प्रेशर मोजतं कोण? सेन्सर!"

तसं पाहिलं तर रंगांची भाषा सिग्नलचीच. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर गॅरेज गाठ. पण ज्या शहरात पिवळा बघून लोक ॲक्सिलरेटर दाबतात, तिथे एकट्या मामांना काय बोलायचं? 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत ताशी 80 च्या वर अधूनमधून टुकटुक आणि 120 च्या वर अखंड सप्ताह आला. सीटबेल्टचा भोंगा मामांनी बेल्ट पाठीमागून अडकवून केव्हाच गप्प केलाय.

मे महिन्यात, चाकणच्या तळेगाव चौकात, भर दुपारी दोन कंटेनरांच्या मध्ये भाच्याची गाडी अडकली. तापमानाचा काटा मध्यावरून उठला आणि 'एच'कडे सरकू लागला. भाचा 'सेन्सर' ऐकायच्या तयारीत होता.

"एसी बंद. काचा खाली. हीटर फुल्ल कर."

मामांना ऊन लागलं, असं भाच्याला वाटलं. पण इंजिनाची उष्णता हीटरवाटे आत आली, दोघे घामाने निथळले आणि काटा केसभर उतरला. गाडी कडेला घेतल्यावर भाच्याने रेडिएटरच्या झाकणाकडे नेलेला हात मामांनी फटकन झटकला. "अर्धा तास शिवायचं नाही. तोंड भाजेल."

त्या अर्ध्या तासात, उसाच्या रसाच्या दुसऱ्या ग्लासावर, मामा बोलले. लाइनच्या शेवटी त्यांचं काम एकच : चावी फिरवायची, सगळे दिवे लागले पाहिजेत, इंजिन सुरू झालं की सगळे विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर गाडी बाजूला. "लागलेल्या दिव्याचं मला काही वाटत नाही रे. निदान बल्ब शाबूत आहे, एवढं तरी कळतं."

आता भाच्याने नवी गाडी घेतलीय; काटे नाहीत, नुसता स्क्रीन. पूजेच्या दिवशी शेजारी बसलेल्या मामांचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, स्तोत्र. एअरबॅग, एबीएस, बॅटरी, ऑइल... एकेक विझत गेलं. शेवटचा दिवा गेला तसा मामांचा उजवा हात आपसूक वर उठला आणि पुढे जाऊ द्या म्हणून हलला. समोर सोसायटीची भिंत होती.