भिंतीपलीकडचा कार्बोरेटर

“ओ अक्का, जुनी परात आहे का एखादी? आमची यांनी घेतलीय.”

“कणीक मळलालेत की काय भाऊजी?”

“कुठलं ओ! स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडून बसलेत. परातीत पेट्रोल, हातात माझा भांड्यांचा ब्रश अन् समोर मोबाइलवर व्हिडिओ.”

“गाडीला झालं काय?”

“चोक दिला की चालू होते, रेस सोडली की भप्पकन बंद. लग्नसराईत आम्ही गावाकडं, गाडी इथं दोन महिने उभी.”

“मग स्लो जेट चोंदलाय. माझं माहेर गॅरेजवाल्याचं, वैनी, मला काय सांगता! पेट्रोल उडून जातं अन् खालच्या वाटीत चिकटा राहतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, बुजायला कितीसा वेळ? त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल.”

“म्हणजे आपल्याच उसाचं की!”

“मग काय! सोलापूर जिल्ह्याएवढे साखर कारखाने आहेत का कुठं? ऊस आपला, मळी आपली अन् चोंदला तोबी आपलाच जेट. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय. गाडी रोज फिरली तर त्रास नाही, उभी राहिली की टाकीला गंज अन् पितळेवर हिरवं.”

“मदतीला मागल्या बोळातल्या मास्तरांच्या पोराला बोलावलंय.”

“अय्यो, त्याला? त्यानं स्वतःच्या गाडीच्या जेटात तार घातली. भोक झालं मोठं, पेट्रोल जायला लागलं जास्त, प्लग काळाकुट्ट. आता अ‍ॅव्हरेज पडलं तर सांगत फिरतंय, पंपवाला मापात मारतोय म्हणून!”

“मग तारेशिवाय साफ कसा करायचा?”

“क्लीनरचा फवारा मारायचा, नाहीतर पंक्चरवाल्याकडनं हवा मारून आणायची. जेट उजेडाकडं धरला की भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. रबरी रिंगा आधी काढून ठेवायच्या, फवाऱ्यानं फुगतात. फ्लोटच्या सुईचं टोक बघायचं. त्याला खाच पडली असली तर नळीतनं पेट्रोल ठिबकतच राहणार. अन् स्क्रू-ड्रायव्हर नेमका बसणारा घ्या म्हणावं. पितळ मऊ असतं, जेटची खाच गेली की मग गॅरेजच गाठायचं.”

“आत्ताच एक बारीक स्प्रिंग उडाली, कपाटाखाली शोधलालेत.”

“एअर स्क्रूची असणार. तिच्यासोबत इवलासा वायसर अन् रिंग असते, तीबी शोधायला सांगा. हा स्क्रू काढायच्या आधी हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून आटे मोजायचे असतात. बसवताना तेवढेच बाहेर घ्यायचे. बारीक सेटिंग गाडी गरम झाल्यावर.”

“कुणी मोजलेत आटे! मी म्हणते, विकून नवी घ्या.”

“नको ओ. स्प्लेंडर १९९४ ला आली, तेव्हापासनं पेठेत किती संसार तिच्यावर चाललेत. २०२० च्या एप्रिलपासनं बीएस-सिक्स आलं अन् नव्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. ते बिघडलं तर आधी मशीन लावून बघतात, घरी ब्रश घेऊन बसून भागत नाही. तुमची गाडी घरी उघडता येते, हेच नशीब समजा. बसलेत कुठं पण?”

“स्वयंपाकघरात, पंख्याखाली. बाहेर ४२ डिग्री आहे ना.”

“गॅसपाशी? अन् देवापुढं दिवा? वैनी, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरनं सरपटत जाते. पंख्याचं बटणबी दाबू नका, आधी त्यांना उचलून अंगणात सावलीला बसवा. अन् पुढच्या खेपेला गावाला जाताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा, वाटीच्या खालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाकायचं. दोन मिनिटांचं काम आहे. तेवढं केलं तर सहसा कार्बोरेटर उघडायची पाळीच येत नाही.”