मेकडूकाका

दारावरच्या पाटीवर जे आडनाव आहे, ते आता पोस्टमनशिवाय कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. सोसायटीतली पोरं त्यांना मेकडूकाका म्हणतात आणि पोरांचं ऐकून आम्हीही. नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना ते खरंच आडनाव वाटलं. त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं, "मेकडू म्हणजे तुम्ही मूळचे बेळगावकडचे का हो?" काका म्हणाले, "मूळचे मेक वेगळे आणि डू वेगळे. लोकांनी सरमिसळ केली, तेच तर दुखणं आहे." बाई मिळेल त्या मजल्यावर उतरल्या.

डोंबिवलीत, आणि डोंबिवलीच कशाला, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेली माणसं जिथे जिथे गच्चीत फिरतात तिथे इंग्रजी सुधारणारा एक काका असतोच. पण त्यांतले बहुतेक स्पेलिंगवाले, थोडे उच्चारवाले. आमच्या काकांची जात दुर्मीळ. स्पेलिंग चुकलं तर ते सोडून देतात, "ते इंग्रजांनाही येत नाही" म्हणून. उच्चार ज्याच्या त्याच्या जिभेवर. काळ चुकला तरी "कळलं ना?" म्हणून पुढे जातात. पण नाम भलत्या क्रियापदाबरोबर दिसलं, की त्यांना घेरी येते.

त्यांच्या हिशोबी नाम म्हणजे उपवर मुलगी आणि क्रियापद म्हणजे स्थळ. सोयरिकी केव्हाच झालेल्या आहेत. मिस्टेक मेकच्या घरी दिली, होमवर्क डूच्या घरी. नॉइज, प्रॉमिस, एक्स्क्यूज मेककडे नांदतात. फेव्हर आणि बिझनेस डूकडे. काही नवं निर्माण झालं तर मेक आणि नुसतं राबायचं असलं तर डू, असा एक ठोकताळा काका सांगतात आणि लगेच स्वतःच मोडतात. 'मेक द बेड' म्हणजे पलंग बनवणं नव्हे, अंथरूण आवरणं. त्याला सुतार लागत नाही. का, असं विचारलं की काका चष्मा काढतात. "तुझ्या आत्याला नाशिकलाच का दिली, असं कधी आजोबांना विचारलंस? दिली. संपलं."

मला हे उत्तर बाकी कुठल्याही व्याकरणापेक्षा प्रामाणिक वाटतं.

त्यांच्या या स्थळांच्या वहीत एकेकाचा स्वभाव नोंदवलेला आहे. 'हॅव' हे मोठं खटलं. ब्रेकफास्ट, बाथ, भांडण, बाळ, सगळं तिथे खपतं. 'कमिट' वाईट वळणाचं. त्याच्याकडे गुन्हा नाही तर पाप, चांगल्या घरची मुलगी सहसा जात नाही. 'पे'वर बँकवाल्या काकांचा विशेष लोभ. इंग्रज लक्ष देतो तर पे अटेन्शन, भेटायला जातो तर पे अ व्हिजिट, कौतुक करतो तर पे अ कॉम्प्लिमेंट. "बघ, या माणसाने फुकट काही केलेलं नाही," असं ते म्हणतात, तेव्हा त्यात आदर असतो. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने हॅव, टेक यांसारख्या क्रियापदांना अशा जोड्यांत 'हलकी' म्हटलं, हे सांगताना मात्र ते घाईघाईने पुस्ती जोडतात, "हलकी म्हणजे वजनाने हं. चारित्र्याने नव्हे."

काकांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आहे, रेन अँड मार्टिन आहे, आणि सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्याच्या उंचीवर, हॉर्नबीचा शब्दकोश. त्या कोशाची कुळकथा ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून चहा पिऊन कुणी सुटत नाही. हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी हे दोन इंग्रज १९२० च्या दशकात जपानला इंग्रजी शिकवायला गेले. जपानी पोरं व्याकरण चोख लिहीत, पण शब्दांच्या जोड्या भलत्याच लावत. तेव्हा पामरने १९३३ मध्ये अशा जोड्यांचा एक मोठा अहवाल काढला, आणि हॉर्नबी व त्याच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपला म्हणून काढला. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते असं म्हणणारा फर्थ लंडनला प्राध्यापक होण्याआधी लाहोरला शिकवत होता. शिकणाऱ्यांसाठी नेमके शब्द निवडणारा मायकल वेस्ट ढाक्याला.

"म्हणजे बघ," काका बोट वर करतात, "इंग्रजाच्या स्वतःच्या घरात हे कुणाला दिसलंच नाही! जपान्याने चूक केली, पंजाब्याने केली, बंगाल्याने केली, तेव्हा साहेबाला कळलं की आपल्याकडे काहीतरी रीत आहे." हे बोलताना त्यांना आपण दुसऱ्यांच्या चुका पकडतो की स्वतः त्या चुका करणाऱ्यांच्या खानदानातले आहोत, याचा विसर पडतो. पण मुद्दा बिनतोड आहे. ज्याला भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याला तिची लग्नं कधी लागली हे आठवत नाही.

हे वेड लागलं कसं, याची एक हकिगत काकू सांगतात. बँकेत बढतीच्या मुलाखतीला काका म्हणाले, "आय हॅव गिव्हन द एक्झाम." समोरच्या साहेबांनी विचारलं, "अस्सं? मग किती जणांना नापास केलंत?" कारण इंग्रजीत परीक्षा 'गिव्ह' करतो तो परीक्षक, विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो. आपण परीक्षा देतो, म्हणून आपल्या इंग्रजीतही देतो. काका म्हणतात, तो प्रसंग त्यांच्यावर नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसावर आला होता. काकू त्यावर काही बोलत नाहीत, नुसत्या कोथिंबीर निवडतात.

सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांचा सगळ्यात जास्त जाच. सूचनाफलकावर 'डू द पेमेंट' लागलं की संध्याकाळपर्यंत त्यावर लाल शाईने मेक चढलेलं असतं. एकदा सूचना होती, 'मेंबर्स शुड नॉट मेक पार्टी ऑन टेरेस.' काकांनी मेक खोडून थ्रो केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन आल्या, की गच्चीवरून काय काय फेकतात ते तरी नीट लिहा, आम्ही खाली पापड वाळत घालतो.

त्यांना जमिनीवर आणलं ते त्यांच्याच पुतणीने. ती न्यू जर्सीहून आली होती आणि गप्पांत म्हणाली, "काका, यू हॅव टू मेक अ डिसिजन." काका हसले. डिसिजन टेकला दिलेली आहे, असं त्यांनी मायेने समजावलं. ती म्हणाली, आमच्याकडे मेकच. मग बाथ निघाली. काकांकडे हॅव अ बाथ, तिच्याकडे टेक अ बाथ. शेवटी हॉर्नबी खाली उतरवला गेला, आणि त्याने शांतपणे सांगितलं की दोन्ही चालतं. ब्रिटनमध्ये एक रूढ, अमेरिकेत दुसरं. म्हणजे एकाच मुलीची समुद्राच्या दोन काठांवर दोन लग्नं, आणि दोन्ही घरी ती मजेत! काका बराच वेळ पान उलटत राहिले. पुतणी गेल्यावर म्हणाले, "तिकडे काय, सगळंच चालतं."

मग भारतात चालतं त्याला तुमचा विरोध का, असं मी विचारलं. इतकी वर्षं इतकी कोटी माणसं परीक्षा 'गिव्ह' करतायत. अमेरिकेला सूट आणि आपल्याला लाल शाई, हा कुठला न्याय? माझं अजूनही तेच मत आहे. काका म्हणाले, "तू आधी मेंटेनन्स भर."

पण खरी गंमत झाली ती तळमजल्यावर त्रिशूरचा एक तरुण भाडेकरू आल्यावर. बँकेतलाच, त्यामुळे काकांचा लाडका. त्याला मराठी शिकायचं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "काका, तुम्ही लोक हाक मारता, गप्पा मारता, उडी मारता, फेरी मारता, शिक्का मारता, दांडी मारता. प्रेमाने मिठी, ती पण मारता. का?" काकांनी चष्मा काढला. नाशिकच्या आत्याचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण मुलगा इतक्या उत्सुकतेने वही उघडून बसला होता, की ते बाहेर पडेना.

आतून काकूंचा आवाज आला. "त्याला 'काढणे' पण सांगा. सकाळी उठून लोकांच्या चुका काढायच्या, दुपारी झोप काढायची, संध्याकाळी कुणाचा तरी विषय काढायचा. आणि मी तुमच्याबरोबर दिवस काढते, तेही लिहून घे रे."

मुलाने सगळं लिहून घेतलं. वर विचारलं, "आणि फोटो?"

"फोटो पण काढतात," काका हताशपणे म्हणाले. "रांगोळी पण. कर्ज पण. पळ पण."

त्या दिवसापासून काकांच्या वहीला मराठीची बाजू आली, आणि आमचे हाल दुप्पट झाले. आता नातू "मी शॉवर घेतला" म्हणाला, की "आंघोळ केली" म्हणेपर्यंत त्याला नाश्ता मिळत नाही. "माझी मदत कर" म्हटलं की मदत मिळत नाही. "मला मदत कर" म्हणावं लागतं. निरोप घेताना कुणी "काळजी घे" म्हणालं, की हे 'टेक केअर' कोटाऐवजी सदरा घालून आलं आहे असं सांगत ते जिन्यापर्यंत सोबत येतात. पूर्वी लोक "जपून जा" म्हणायचे म्हणे. खरं आहे, पण पूर्वी लोकांना जाऊही देत असत.

शिष्य मात्र तयार झाला. काका त्याच्याकडून एकेक क्रियापद घोटून घेत. 'खाणे'ला आठवडा लागला. मार खाणे, हवा खाणे, भाव खाणे, गटांगळ्या खाणे. प्रत्येकाचा प्रसंग, प्रत्येकाचा नमुना. यंदा गणेशोत्सवात त्याने मंडपात माईक घेऊन चार वाक्यं मराठीत बोलायचं ठरवलं. काका पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मुलाने नमस्कार केला, सगळ्यांचे आभार मानले ('केले' नाही, 'मानले', काकांनी मान डोलावली), मग काकांकडे वळून भरल्या गळ्याने म्हणाला, "आणि काकांनी वर्षभर, रोज, न थकता, माझं डोकं खाल्लं."

मंडप कोसळायचाच बाकी राहिला. सेक्रेटरी तर खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. काका मात्र गंभीरपणे उठले आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"हसताय काय? डोकं, खाणे. जोडी अचूक लावली आहे पोराने. पैकीच्या पैकी!"

"आणि अर्थसुद्धा बरोबर आहे," काकू म्हणाल्या, आणि आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या.