बार्बाडोसमध्ये फिरावे कसे : नवशिक्यांसाठी

आधी दिशा शिकून घ्या. पूर्व-पश्चिम विसरा. बार्बाडोसमध्ये दिशा दोनच: ब्रिजटाऊनकडे आणि ब्रिजटाऊनपासून लांब. थांब्याच्या पाटीवर तेवढंच असतं, ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’. बेट जेमतेम 34 किलोमीटर लांब. चुकीच्या बाजूची गाडी धरलीत तरी फार तर समुद्र लागेल.

मग रंग. निळी बस सरकारी, पिवळी खासगी मिनीबस, पांढऱ्यावर किरमिजी पट्टा ती झेडआर. 2019 मध्ये तिन्हींचं भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर झालं, म्हणजे पावणेदोन अमेरिकन. मग अंतर कितीही असो. सरकारी बसमध्ये सुटे मोजून टाका. पाच टाकलेत तर दीड डॉलर सरकारजमा.

झेडआरला वेळापत्रक नाही. हात दाखवा, थांबेल. हात न दाखवताही बऱ्याचदा थांबेल. चढताच ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, नाहीतर पाहुणा उद्धट ठरतो. ‘जागा आहे का?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. कंडक्टरच्या लेखी जागा नेहमीच असते. साताऱ्याकडच्या वडापात मांडी चोरून बसायची सवय असेल तर निम्मं शिक्षण झालंच आहे. उरलेलं निम्मं कानांचं. गाणी इतक्या जोरात लागतात की ती बरगड्यांना आधी ऐकू येतात. उतरायचं असेल तेव्हा दोन कडव्यांमधली फट हेरा आणि ओरडा. फट चुकली तर पुढचा थांबाही बघण्यासारखा असतो.

टॅक्सीला मीटर नाही. भाडं आधी ठरवा. बॅगा डिकीत गेल्यावर घासाघीस करणं हा निव्वळ छंद.

स्वतः गाडी चालवणार? बाजू आपलीच, डावी. पाहुण्यांसाठीचा परवाना काढावा लागतो, आणि भाड्याच्या गाडीच्या नंबराची सुरुवात ‘एच’ने होते, त्यामुळे तुम्ही नवखे आहात हे सगळ्यांना मागूनच कळतं. हमरस्त्यावरच्या मोठ्या सर्कलना एव्हर्टन वीक्स, क्लाइड वॉलकॉट अशा क्रिकेटपटूंची नावं आहेत. तिथे वाट चुकलात तर बुजुर्गाला गाठा, पण 1971 च्या ब्रिजटाऊन कसोटीतल्या गावसकरांच्या नाबाद 117 चा विषय काढू नका. गप्पा मस्त रंगतील, पत्ता राहून जाईल.

मुंबईकरांसाठी वेगळी सूचना: लोकलची चौकशी करू नये. इथली रेल्वे 1937 मध्येच बंद पडली.