कॉम्प्युटर आधी आमच्या पूर्व भागात आला

शुक्रवारी हिंजवडीतून सुटल्यावरही मी कंपनीचं ओळखपत्र गळ्यातून काढत नाही. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये समोरच्यानं ते वाचावं, ही अपेक्षा. दौंड गेलं तरी कुणी वाचलं नाही, तर फोन काढून मोठ्यानं 'डिप्लॉयमेंट' म्हणतो. कुर्डुवाडीच्या आसपास एका काकांनी शेवटी विचारलंच, "टोलनाक्यावर आहात का?"

आमच्या कंपनीत कल्चर फार आहे. भिंतीवर 'आपण एक कुटुंब' असं लिहिलंय. रोज सकाळी उभ्या उभ्या मीटिंग असते: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. अडचण सांगायची मुभा आहे, असायची नाही. मॅनेजरला नावानं हाक मारायची. मागून आपसूक सोलापुरी 'बे' निघू नये म्हणून मला जीभ दाताखाली धरावी लागते. वर्षाअखेरीस बेल कर्व्ह. सगळे कितीही राबले तरी कुणीतरी तळाला बसवावाच लागतो.

एकदा एचआरच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "आपण टियर-टू शहरातल्या टॅलेंटलाही टेक्नॉलॉजीची संधी देतो." इथं माझ्यातला सोलापूरकर उठला. म्हटलं, मॅडम, 1804 मध्ये जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग केला. भोक असेल तर ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. एक आणि शून्य, संपलं! बॅबेजनं आपल्या यंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत हॉलरिथनं अशाच भोकांनी माणसं मोजली. त्याची कंपनी पुढे आयबीएममध्ये गेली. आणि सोलापुरात आमच्या पूर्व भागात त्याच पुठ्ठ्यांची माळ खडखडत फिरायची, खाली चादरीवर मोर उतरायचा. माझे काका त्या मागावर होते. पुठ्ठा चुकीचा लागला की चादरभर मोर मान मोडून उभे. आपण त्याला बग म्हणतो. मालक जे म्हणायचा ते इथं सांगता येणार नाही. तेव्हा मॅडम, कोडिंग आमच्याकडे खानदानी आहे, तुमचं हिंजवडी भाताची खाचरं होतं तेव्हापासून...

"इंटरेस्टिंग," मॅनेजर म्हणाला. "ऑफलाइन बोलू."

ते बोलणं अजून व्हायचंय.

मध्यंतरी शेजारच्या टेबलावरचा मुलगा सकाळच्या मीटिंगला दिसला नाही. मेसेज करायला गेलो तर त्याचं नाव राखाडी झालेलं. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. संध्याकाळी फन फ्रायडे होता. अंताक्षरीत 'म' आला आणि मी गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं, टाळ्या पडल्या.

काकांचा माग बंद झाला तेव्हा मालकानं कुटुंबाचं नाव काढलं नव्हतं. हिशेब तुटका दिला. मग लाल बावट्याची माणसं आली, कारखान्याच्या दारात बसली, घोषणा झाल्या, दोन्हीकडून आयाबहिणी निघाल्या. मिळालं फारसं नाहीच. पण बसायला दार होतं. या मुलाला निरोप आला तो 'नो-रिप्लाय'वरून. बसणार कुठं?

पुढच्या सोमवारी निनावी सर्वेक्षण आलं: 'कंपनीत तुम्हाला आपलेपणा वाटतो का?' पहिल्याच रकान्यात एम्प्लॉयी आयडी सक्तीचा होता. मी पाचपैकी चार दिले. पाच दिले की त्यांना संशय येतो.