पिवळी सलाईन, लाल गोळी

नांदेडच्या डॉक्टर लेनमधलं मेडिकल असो की लातूरच्या गंजगोलाईतलं, काउंटरवर हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो: चांगली मल्टिव्हिटॅमिन कोणती आहे? विचारणाऱ्याला नेमकं काय होतंय, ते या प्रश्नात नसतं. ‘अशक्तपणा वाटतो’ एवढं निदान घरीच झालेलं असतं, आणि ते सहसा चुकत नाही, कारण मे महिन्यातल्या मराठवाड्यात अशक्तपणा वाटत नाही असा माणूस शोधूनच काढावा लागेल. उरते फक्त निवड, आणि तिचे निकष ठरलेले आहेत. पाकिटावर घटकांची संख्या जितकी जास्त, तितकी गोळी चांगली. नऊपेक्षा तेवीस बरे, आणि तेवीसांत जिनसेंग नावाचं एखादं परदेशी मूळ असेल तर विषयच मिटला. पट्टी सोनेरी असली की ताकद जास्त, चंदेरी असली की बेताची. शेवटचा निर्णायक निकष किमतीचा: स्वस्त गोळीने आपल्या दुखण्याचा अपमान होतो, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. कोणता देव कोपलाय ते कळेना की गावातल्या सगळ्याच देवळांत नारळ फोडून यावं, तसे हे तेवीस नारळ रोज सकाळी चहाच्या घोटाबरोबर पोटात जातात. चहाबरोबरच, कारण चहा लोह नीट शोषू देत नाही ही बारीक गोष्ट पाकिटावर सोनेरी अक्षरांत छापलेली नसते.

मराठवाड्याला ही श्रद्धा नवी नाही. गोळीच्या आधी सलाईन होती, आणि खेड्यापाड्यांत अजून आहे. ‘ताकदीची बाटली लावा’ म्हणणाऱ्या पेशंटला नुसता सल्ला देऊन परत पाठवणाऱ्या डॉक्टरचं गावात फार दिवस चालत नाही. पेशंट संध्याकाळी शेजारच्या दवाखान्यात आडवा झालेला असतो. त्या बाटलीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी सगळं पाणी. ग्लुकोजवाली लावली तर वर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १०० कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते, आणि ती शिरेतून घ्यावी लागत नाही. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्याचा जीव हीच बाटली वाचवते, त्यात वाद नाही. पण नुसत्या अशक्तपणावर लावायची तर पांढऱ्या पाण्याने समाधान होत नाही, म्हणून तिच्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडतात. बाटली पिवळी होते, आणि पिवळी सलाईन पांढरीपेक्षा भारी, हे गावातल्या लेकरालाही ठाऊक असतं. तो पिवळेपणा रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा. शरीर त्यातलं हवं तेवढं ठेवून घेतं आणि उरलेलं काही तासांत त्याच रंगात बाहेर टाकतं. पैसे कुठे गेले याची इतकी रंगीत पावती दुसऱ्या कुठल्या व्यवहारात मिळत नसेल.

मुद्दा साधा आहे. चांगली मल्टिव्हिटॅमिन शोधण्याआधी आपल्यात कमी कशाची आहे ते शोधावं लागतं, आणि ते एकदा सापडलं की मल्टिव्हिटॅमिनची गरज बहुधा उरत नाही. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एका जीवघेण्या रक्तक्षयाने ग्रासलं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांनी त्याचा माग काढला. सगळ्यांना सगळं देऊन बघण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही. या बायका खातात काय ते पाहिलं, प्राण्यांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला, एकेक पदार्थ वाढवून-वगळून पाहिला, आणि अखेर यीस्टच्या एका स्वस्त अर्कापाशी, मार्माइटपाशी, त्या पोचल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या अर्कातलं कामाचं द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. काही खेड्यांतले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. २००६ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं, आणि मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्क्यांत. म्हणजे सोनेरी पट्टी घेण्याची ज्यांची ऐपत, त्यांच्यातच कमतरता सर्वांत जास्त. शाकाहार हे एक मोठं कारण, कारण बी-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं, पालेभाजीतून नाही. या कमतरतेला बी-१२ ची गोळी लागते. बाकीचे बावीस घटक नुसते किंमत वाढवायला.

लातूरचं तर सगळंच निराळं. लातूर पॅटर्नच्या या शहरात डॉक्टर व्हायला निघालेली पोरं नांदेड-हिंगोलीपासून सोलापूरपर्यंतच्या गावांतून येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि स्कर्व्ही कशाने, बेरीबेरी कशाने, रातांधळेपणा कशाने हे झोपेतसुद्धा अचूक सांगतात. पर्याय क्रमांक तीन. एवढी पाठांतरं झालेल्या पोरासाठी आई-वडील मात्र गावाकडून येताना मेडिकलवर थांबून ‘स्मरणशक्तीची एखादी चांगली’ घेऊन येतात, आणि पोरगंही ती निमूट घेतं. जठरातून स्रवणाऱ्या एका घटकाशिवाय बी-१२ नीट शोषलं जात नाही, हे ‘पचन आणि शोषण’ या धड्यात असे. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून तो धडाच वगळला गेला, त्यामुळे गोळी शोषली जाते की नाही याची काळजी करण्याचं परीक्षेपुरतं तरी कारण उरलेलं नाही. डब्यात वरणाला डाळ किती आणि पाणी किती, हा प्रश्न त्याआधीही अभ्यासक्रमात नव्हता. तूरडाळीच्या गिरण्यांच्या लातुरात तो विचारायला हवा होता.

आता लाल गोळी. ती सरकारी दवाखान्यात आणि आशाताईकडे फुकट मिळते. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, घटक फक्त दोन. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० दिवस. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक, तिचा रंग निळा. आणि गरज किती, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. चौथ्या फेरीत हाच आकडा ४८ होता. पाच वर्षांखालच्या लेकरांत तो ५३.८ वरून ६८.९ वर गेला. इतक्या मोठ्या रोगावरची गोळी घरात येते आणि बऱ्याचदा टीव्हीच्या मागे पडून राहते. त्याला एक खरं कारण आहे: तिने मळमळतं, बद्धकोष्ठ होतो, शी काळी होते, आणि हे आधी समजावून सांगणारं कोणी नसतं. दुसरं कारण तितकंच खरं आहे: फुकटच्या वस्तूत ताकद नसते, हा आपला सिद्धान्त. तीच बाई मग पैसे मोजून सोनेरी पट्टी आणते. तिच्यात लोह बहुधा किरकोळ, कधी नसतंच. आणि असलंच तर शेजारी कॅल्शियम बसवलेलं, जे त्या लोहाच्या शोषणात आडवं येतं.

पाकीट उलटून वाचण्याची पद्धत आपल्याकडे नाही, नाहीतर बरीच करमणूक झाली असती. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक औषधाच्या परवान्यावर बनते आणि दुसरी अन्नाच्या. दुसरीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो, आणि कायद्याप्रमाणे ठळक अक्षरांत लिहावं लागतं की ही वैद्यकीय उपयोगासाठी नाही, चौरस आहाराला पर्यायही नाही. हे वाक्य अंगावर घेऊन ती औषधांच्या दुकानात औषधांच्या फळीवर बसते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत येते आणि पेशंट ती जेवणाला पर्याय म्हणून घेतो. इतक्या उघडपणे सत्य सांगून विकली जाणारी दुसरी वस्तू बाजारात क्वचितच असेल.

‘पण घेतली तर बिघडलं काय?’ हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर देणं भाग आहे. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर दहा वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाला; अर्ध्यांना रोज मल्टिव्हिटॅमिन, अर्ध्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. २०१२ मध्ये निकाल आले. हृदयविकारात फरक नाही, कर्करोग सुमारे आठ टक्क्यांनी कमी. वृद्धांच्या स्मरणशक्तीला थोडा लाभ होतो असंही अलीकडच्या एका मोठ्या प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा गोळी अगदीच निकामी आहे असं म्हणता येणार नाही. पण तो लाभ लहान आहे, आणि सोनेरी पट्टीच्या जाहिरातीतला घोडा त्यात कुठे दिसत नाही. बिघडतही नाही असं मात्र नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्यांवरच्या प्रयोगात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे १९९४ चं. बी आणि सी लघवीवाटे जातात, ए आणि डी शरीरात साठतात. डी ची साठ हजार युनिटची आठवड्याची पुडी रोज घेणारे महाभाग आहेत, आणि त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं दुखावतात. सर्वांत वाईट प्रकार शांतपणे होतो: गोळीतलं फोलिक ॲसिड रक्त सुधारून दाखवतं आणि बी-१२ अभावी नसा खराब होत राहतात. पायाला मुंग्या आल्या की आपण ब्रँड बदलतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, पूर्ण शाकाहारी, वृद्ध, गरोदर बायका यांना पूरक गोळी खरोखर लागू शकते. त्यांनी ती डॉक्टरांना विचारून, तपासून घ्यावी. हे सदर वाचून बंद करू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अन्नातच आता कस राहिला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आणली. किलोमागे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या ज्वारीच्या जवळपास दीडपट. मराठवाड्याच्याच मातीतून, मराठवाड्याच्याच भाकरीसाठी. तोवर आपण ज्वारीचं शिवार सोयाबीनला देऊन टाकलं होतं. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून आता जस्ताची गोळी घेता येते, आणि अर्थशास्त्रात याला वाढ म्हणतात. राहता राहिला बी-१२ चा प्रश्न, तर शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-सव्वादोनची. फार नव्हे, पण काहीतरी. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि अंडं द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं. लोकसहभागासाठी एक नम्र सूचना आहे: ताकदीच्या प्रत्येक पट्टीमागे मेडिकलवरच एक अंडं वसूल करावं. वैद्यकीय उपयोगासाठी नाही असं पट्टीवर लिहिलेलंच आहे. निदान शालेय उपयोग तरी होईल.