दुसरी पंगत

"काकू, चार डहाळ्या कढीपत्ता घेऊ का?"

"घे की. पण तोंड का असं उतरलंय? पोरीचं पुण्याचं झालं का?"

"कुठलं हो! बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला वेटिंगमध्ये एकतिसावी. कालपासून धड जेवली नाही. हे म्हणतात, कुणाची तरी ओळख काढतो."

"ओळखीचं राहू दे. तीस वर्षं प्रवेशाच्या खिडकीत काढलीत मी. वेटिंग म्हणजे लग्नातली दुसरी पंगत. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहायचं आणि तो ताकभातावर आलाय का, ते बघायचं."

"पण उठणार कोण?"

"पहिल्या यादीतल्या कितीतरी पोरांचा जीव इंजिनिअरिंगमध्ये, नाहीतर मेडिकलमध्ये. इथं नुसता एसटीतल्यासारखा रुमाल टाकून ठेवतात. सीईटीच्या कॅप राउंडला सीट लागली की रुमाल उचलून पसार. नीटवाले त्याहून उशिरा हलतात. तेव्हा यादी तासातासाला बघून काही होत नाही. राउंड लागला की दोन-चार दिवसांनी बघ. शिवाय एकतिसावी म्हणजे एकतीस जागाच सुटायला हव्यात, असं थोडंच आहे? पुढचे तीस जण तरी कुठं सगळे थांबतात! आणि हा नंबर सगळ्यांतला की तिच्या कॅटेगरीतला?"

"ते नाही बघितलं."

"आधी ते बघ. नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीचं आहे ना, तेही."

"आणि इथं सांगलीत नाव लागलंय, तिथं फी भरायची का? बुडाली म्हणजे?"

"भर! हातातली सीट सोडून कधी वाट बघायची नाही. २०२४ साली यूजीसीनं सांगितलं होतं, ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कापायचे ते फार तर हजार रुपये. यंदाच्या तारखा तेवढ्या विचारून घे. मूळ कागदही अडवून ठेवता येत नाहीत त्यांना. रद्द करायचं झालं तर अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. बरं, फॉर्मवर मोबाईल नंबर कुणाचा दिलाय?"

"यांचा."

"झालं! तुझा नवरा अनोळखी नंबर उचलतो का?"

"लोनवाले म्हणून कापतात."

"मग फोन आजपासून पोरीजवळ. नाव लागलं की फी भरायला दोन दिवससुद्धा मिळत नाहीत कधीकधी. आणि आठवड्यातून एकदा कॉलेजात नम्रपणे विचारायचं, बास. रोज फोन करणाऱ्या आयांची नावं आम्हाला पाठ असायची, पण म्हणून नंबर काही वर सरकायचा नाही."

"तिला कमीपणा वाटतोय हो, काकू."

"तिला म्हणावं, काकाआजोबांच्या यादीत काकूआजी दुसरी होती."

"काय सांगता!"

"पहिलीनं मुंबईच्या बँकवाल्याला होकार दिला, मग आमच्याकडे निरोप आला."

"आणि तोवर तुम्ही झुरत बसला होतात?"

"छे गं! मिरजेचं एक स्थळ धरून ठेवलं होतं ना मी."

"काकांना माहीत आहे?"

"हळू बोल, अंगणातच आहेत. आता रद्द करायची मुदत गेली म्हणा. थांब, वरची डहाळी घे, ती कोवळी आहे."