वाटीचं वजन: एक प्रमाणशास्त्रीय टिपण

'प्रमाण' हा शब्द पाककृतींच्या वहीत असतो आणि न्यायशास्त्रातही. नैयायिकांनी प्रमाणं चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नानखटाईला यातली किती लागतात, याचा विचार त्यांच्याकडून राहून गेला. म्हणून हा प्रपंच.

स्थळ: फोपनार, जिल्हा बऱ्हाणपूर. मावशीचं स्वयंपाकघर. माझ्या मोबाइलवर शब्दप्रमाण होतं: मैदा २ कप, पिठीसाखर १ कप, तूप १ कप. मावशीकडचे कप चहाचे, तेही तीन वेगवेगळ्या घराण्यांतले. तेव्हा मी कपांचे ग्रॅम करायला बसलो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा. कपभर मैदा १२० ग्रॅम म्हणणारे आहेत, १५० म्हणणारेही आहेत, आणि दोघंही खरे. चाळून अलगद भरला तर १२०. डब्यात कप खुपसून काढला तर १५०.

"मावशी, मैदा दाबून भरू का?"

"दाबू नको, आपटू नको. आणि शीग नको, सपाट घे."

१८९६ साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी आपल्या पुस्तकात सपाट कप-चमच्यांचा आग्रह धरला आणि त्या अजरामर झाल्या. शिगेचं माप आणि सपाट माप यांतला फरक इकडे खळ्यावरच्या पोरालाही कळत होता. पुस्तक तेवढं कुणी काढलं नाही.

खरा घोटाळा शेराचा. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मापी शेर चार चिपट्यांचा, आणि अशा चार शेरांची एक पायली. नाव एकच, कारभार दोन. १९५६च्या कायद्याने शेराला निरोप दिला, पण शेरास भेटणारा सव्वाशेर वजनी की मापी, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

आता दळण घ्या. मावशी डबा गच्च भरून गहू गिरणीत नेते आणि सोबत एक रिकामी पिशवीही नेते. मी हसलो होतो. परतताना गव्हाचं कोमट पीठ फुगून डब्यात मावेना. उरलेलं पिशवीत गेलं. वजन तेच, घनफळ सुटलेलं. मग मोटारसायकलवर खड्ड्यांतून घरी येईस्तोवर डब्यातलं पीठ चार बोटं खाली बसलं आणि पिशवीतलं बरंचसं त्यात मावलं. रूपांतराच्या एकाही कोष्टकात रस्त्याचा रकाना नसतो.

धातूचं बरं असतं. याच फोपनारला सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इतका प्रवास झाला तरी कांसं काही खाली बसलं नसणार. आर्किमिडीजच्या गोष्टीतही राजाचा मुकुट आहे, मैद्याची परात नाही. शहाणा माणूस.

इकडे परातीत तूप-साखर फेसून पांढरी झाली होती.

"मैदा किती घालू?"

"बसेल तेवढा."

बसणे या धातूचे इथे दोन अर्थ संभवतात. डब्यात मैदा बसतो तो आपल्या भाराने. तुपात बसतो तो तुपाच्या मर्जीने. दुसऱ्याला ग्रॅम नाहीत. मावशीने मूठ वळून दाखवली: गोळा राहिला पाहिजे, बोट लावलं की मोडला पाहिजे. हे प्रत्यक्ष. "लिंबाएवढे कर, छोट्या लिंबाएवढे," हे उपमान. आणि वेलची किती, याला "अंदाजाने", म्हणजे अनुमान. चारही प्रमाणं एका परातीत.

तरी मी वजनकाटा काढलाच. ताटातला पहिला गोळा २३ ग्रॅम. दुसरा २३. तिसरा २३. चौथा ३१.

"हा कसा गं?"

"तो तू वळलेला."